बसलेला

कागदाच्या गिरणीतून बाबा घरी यायचे
अंगाला गंधकाचा वास घेऊन,
आणि जेवण उरकलं की तळघरात उतरायचे,
सतराशे सत्तावन्न सालात.

तिथे कायम ऑगस्ट.
प्लायवूडवर लेक जॉर्ज, निळ्यावर वार्निशचे सात हात;
खरा तलाव गाडीने वीस मिनिटांवर,
पण त्याला एवढी चकाकी नव्हती.
भुशाची जमीन, वाळल्या शेवाळाचं जंगल,
आइस्क्रीमच्या काड्यांचा किल्ला.

शिसं वितळायचं आईच्या सॉसपॅनमध्ये.
त्यावरून झालेलं भांडण वेगळं.
साचा उघडला की शिपाई निघायचा
गरम, राखाडी, कुठल्याच देशाचा नसलेला.
देश नंतर यायचा, ब्रशच्या तीन केसांवरून.
पस्तिसाव्या पलटणीला लाल डगला, बाहीला नारिंगी पट्टी.
फ्रेंचांना पांढरा, पण मळकट;
"शुभ्र नको," बाबा बजावायचे,
"किती चालून आलेत बिचारे."
बटणं माझ्याकडे होती.
नऊ वर्षांची मी, टाचणीच्या टोकाने
एकेका छातीवर ठिपके द्यायची, श्वास रोखून.
चुकलं की टर्पेंटाइन. बाबा रागवायचे नाहीत,
नुसतं पुस्तक उघडून पुढ्यात ठेवायचे.

डिसेंबरात बॉयलर बंद पडला
तेव्हा आला अँगस लाफ्रान्स,
मूळचा अ‍ॅक्वेसास्नीचा, मोहॉक,
हातात पाना, बुटांना बर्फ.
मांडणीकडे त्याने बराच वेळ पाहिलं.
फ्रेंचांच्या डावीकडे, जंगलाच्या कडेला
त्याचे पूर्वज असतील-नसतील अशी बेचाळीस माणसं.
बेचाळीस जणांना मिळून एकच साचा:
उजवा हात वर, हातात कुऱ्हाड, तोंड उघडं.

"हात नाही का दुखत यांचे?"
आणि मग, बॉयलरच्या पोटात डोकं घालता घालता,
"जेवायला कधी बसायचे हे?"

बाबांनी बिल दिलं. वर दहा डॉलर.

आठवडाभर तळघरातला दिवा लवकर विझला.
नंतर टेबलावर मेणाची कात्रणं दिसू लागली.
बसलेला माणूस ओतणं सोपं नसतं.
शिसं गुडघ्यापाशी अडतं.
पहिला लंगडा निघाला, दुसऱ्याला मांडीच नव्हती,
तिसऱ्याचं नाक थेट वाडग्यात बुडालं
तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो
की आई वरून ओरडली, काय चाललंय.
चौथ्याचं बाबांनी काही सांगितलं नाही.
पाचवा बसला.
नीट मांडी घालून, खांद्यावर घोंगडी, पुढ्यात वाडगा.

पण मांडायचा कुठे?
सपाट जागा तेवढी एकच उरली होती,
तोफा आणि किल्ला यांच्या मधली.
रविवारी लढाई असायची.
बाबांनी तोफा डावीकडे सरकवून पाहिल्या, उजवीकडे.
तो मध्येच.
"जेवू दे त्याला आधी," म्हणाले,
आणि आम्ही वर गेलो पॅनकेक खायला.

लढाई नंतर कधीतरी झालीही असेल.
मी शाळा बदलली, मग गाव,
मग आडनाव, आणि ते परतही घेतलं.

गेल्या मार्चमध्ये ऑल्बनीहून लिलाववाला आला.
पांढरे हातमोजे, भिंग, वहीवर ठसठशीत
"ओस्टरहौट संग्रह".
शिपायांना डझनावारी भाव.
माझी बटणं पाहून म्हणाला, सुबक.
बसलेल्याला उलटा करून त्याने तळ तपासला.
"हा कुठल्या संचातला?"
"कुठल्याच नाही."
"मग याला किंमत नाही लावता येणार."
मी म्हटलं, बरं.

आता तो माझ्या सिंकवरच्या खिडकीत असतो.
घोंगडीला चार रंग, कानातल्या बाळीला चंदेरी ठिपका,
वाडगा मात्र अजून कोऱ्या शिशाचा.
बाबांकडे बटणाबटणाचं पुस्तक होतं,
वाडग्यात काय असायचं ते एकातही नव्हतं.
"अँगसला विचारू," म्हणायचे,
"पुढच्या वेळी आला की."

अँगसने काम चोख केलं होतं.
बॉयलर पुन्हा बिघडलाच नाही.