बुजवणी

आमच्या आज्याची नोकरी रात्रीची.
कामठीच्या छावणीत, गोरा बाजारामागं,
कागदोपत्री तो कुत्तेवाल्याचा मदतनीस, पैकू शेंडे.
काम मात्र भोकं बुजवण्याचं.

कोल्हा अंधार पडला की बाहेर निघतो.
तो गेला की कंदील घेऊन जायचं,
कन्हानच्या दरडीत, बोरीबाभळीच्या मुळांशी
एकेक बीळ हुडकायचं,
काटेरी फांद्या कोंबायच्या, वर ओली माती, वर पाय.
बिळामागं दोन आणे.
पहाटे साहेब यायचे घोड्यावर, लाल कोटात,
आणि परत निघालेल्या जनावराला
घरच सापडायचं नाही.

कुत्रे आगबोटीनं आलेले.
त्यांना दूधभाकर, त्यांना ओल्या गोणपाटाची सावली,
तरी चैतात चार-दोन मरतच.
शिकार उन्हाच्या आत उरकायची:
ऊन चढलं की जमिनीवरचा वास उडतो,
मग तीस कुत्रे नुसते एकमेकांकडं बघत राहतात.
हे सांगताना आजा हसायचा.

आणि गंमत अशी,
साहेबांच्या मुलखातला जो कोल्हा, ते आपल्याकडचं खोकड.
खोकड पिटुकलं, दोन वावरांत दम सोडतं,
म्हणून त्यांनी आमच्या कोल्ह्याला तो मान दिला.
वहीत मात्र तिकडचंच नाव लिहीत राहिले,
तारीख, वार, किती मैल, शेपटी कुणाला.

त्याच हिवाळ्यात रंगल्या पारध्याला
चार तितरांपायी आत टाकला.
त्याचे फास तो गुन्हा,
ह्यांची तुतारी तो खेळ.
आजा म्हणे, मी दोघांच्या मधात उभा होतो,
अंगात साहेबाचा जुना कोट.
गरम होता बाप्पा, लई गरम.

पुढं साहेब गेले. तुतारी बँडवाल्यानं घेतली;
दोनच सूर निघत, वरातीला पुरले नाहीत.
विलायतेतही म्हणे ह्यावरून भांडणं पेटली,
मोर्चे, पोलीस, शेवटी कायदा.
खेडी म्हणाली आमची रीत मोडली,
शहरं म्हणाली मोडायलाच हवी होती.
बिळं बुजवणाऱ्याला कुणी विचारलं का, ठाऊक नाही.

म्हातारपणी आजा दाराला कडी लावू देत नसे.
"राहू दे ना बे उघडं. कोणी याचं राहिलं असन."
काका चिडायचे. दोन सायकली गेल्या तशा.

मी कनिष्ठ अभियंता.
मागच्या महिन्यात कामठी रोडवरच्या एका लेआउटचा अर्ज आला:
नाल्यातले जुने पाईप उघडे, रात्री कोल्हेकुई,
लेकरं झोपत नाहीत. खाली सत्तावीस सह्या.
जाऊन बघितलं. अकरा तोंडं.
ठेकेदार म्हणाला, साहेब, आत काही असन तर?
मी म्हणालो, रात्री कर काम.
रात्री ते बाहेर असतात.

बोलून गेलो,
आणि मग किती तरी वेळ बूट झटकत राहिलो.

मापवहीत नोंद: अकरा नग, गिट्टी, सिमेंट, मजुरी.

त्या पहाटे भटक्या कुत्र्यांचा कालवा
पार जरीपटक्यापर्यंत ऐकू आला.
घोडा नाही, तुतारी नाही, वहीत लिहिणारा कुणी नाही,
नुसतं भुंकणं, लांब जाणारं, वळणारं, पुन्हा लांब जाणारं.
बायको झोपेत म्हणाली, काय झालं?
मी उठून दाराची कडी काढली.
बाहेर सातव्या मजल्याचा जिना होता,
दिवा लागलेला.