सध्याचा पत्ता

दुकानाला कुलूप लागलं बुधवारी.
मालक कुठे गेला ते त्याच्या मेहुण्यालाही ठाऊक नव्हतं.
आत माझी कात्री राहिली, पगाराची वही राहिली,
आणि एका शाळेचे चाळीस गणवेश,
काजं न केलेले.
कंपनीची खोली गुरुवारी गेली.

शारजात उघड्यावर झोपायचं तर आधी हवा शिकावी लागते.
जुलैत रात्री दोनलाही ती अंगाला चिकटते
ओल्या अस्तरासारखी.
रोलाच्या बागेत तिसरं बाकडं. बॅग उशाला,
चपला बॅगेत. हे पहिल्या रात्री माहीत नव्हतं,
म्हणून आता पायात आहेत त्या दुसऱ्या.
बायकोचा फोन. "जेवलात?"
"जेवलो. तळलेली सुरमई होती."
एवढं खोटं बोलायचं तर मासा तरी चांगला निवडावा.

खांबाखांबावर कागद:
बेडस्पेस, फक्त केरळी.
बेडस्पेस, शाकाहारी, बसस्टँडजवळ, वायफायसकट.
खाली फोन नंबरांची कातरलेली झालर.
काय करणार, नजर शिंप्याची,
आधी दिसलं ते एवढंच, की कात्री वाकडी चाललीय.
दोन नंबर फाडले. डिपॉझिट म्हणाले.
मी म्हणालो, बघतो,
जसं ईदच्या आदल्या आठवड्यात गिऱ्हाइकाला सांगायचो.

मदतीच्या खिडकीत एक बाई, चष्मा दोरीला.
फॉर्मवर नाव. पासपोर्ट: मालकाकडे.
सध्याचा पत्ता.
पेन धरून बसलो. मागची रांग खाकरली.
"कुणाचा तरी लिहा हो," ती म्हणाली,
"पत्र आम्ही पाठवायचं कुठे?"
कुणाचा तरी.
म्हणजे आधी कुणीतरी हवं.

मोयदूच्या कॅफेटेरियात एका दिरहमच्या चहावर
मी किती वेळ बसतो ते तो मोजत नव्हता.
तिसऱ्या दिवशी न मागता परोटा ठेवला
आणि भलतीकडे बघत म्हणाला,
मागच्या इमारतीच्या नातूरला भेट.
नातूर गुलरेझ. त्यानं गच्चीचं दार दोन रात्री लोटून ठेवलं,
टाकीच्या आडोशाला पुठ्ठा दिला, फ्रिजचा,
त्यावर बाण होता: ही बाजू वर.
तिसऱ्या रात्री परकारांकडे नेलं.

हसनमिया परकार, विजयदुर्गाकडचे,
तीस वर्षं इथे, गुडघ्यांनी बेजार,
तीन खोल्यांत अकरा माणसं.
"खंयचो रे तू?"
"कणकवली."
तेवढ्यावर बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, पलंग आसा. अर्धो.

अर्धा म्हणजे रुंदीनं नव्हे.
दिवसा त्यावर टेकबहादूर झोपतो,
मॉलचा रात्रपाळीचा वॉचमन.
रात्री मी. सहाला उठायचं, सातला तो येतो.
सहा फूट बाय अडीच. टेपनं मोजलं, सवय.
भाड्याचं विचारलं तर, मशीन चाललं की दे.

त्याला मी अजून पाहिलेलं नाही.
गादीत त्याचा खळगा आहे,
माझ्याहून चार इंच आखूड,
उशीला मोहरीच्या तेलाचा वास.
चादरीची घडी अशी, की कोपऱ्याला कोपरा.
माझी अजून तशी येत नाही.

खिडकीपाशी परत गेलो.
रकान्यात लिहिलं: परकार यांचे घर, खोली चार,
वरचा पलंग, रात्री.
'रात्री' तिनं खोडलं नाही.

आलो तर खुंटीवर त्याचा दुसरा गणवेश,
खांद्याची पट्टी उसवलेली.
सुई माझ्या खिशात असतेच, बागेतही होती.
दुहेरी दोरा घेतला, गाठ आतून.
कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री गणवेश नव्हता.
उशीवर एक संत्रं,
आणि त्याखाली नीट घडी केलेली पँट,
चेन तुटलेली.