सोपी वाट

फुलेवाडी नाक्यावर दस्तगीरनं
चारी चाकांत हवा भरली.
स्टेपनीची राहिली.

पुढं हळदीपर्यंत उसाची ट्रॉली,
हॉर्न वाजवूनही ढिम्म.

"सोपी वाट हाय," सुबराव म्हणालेला.
त्याचं सोपं
माझ्या नव्या गुडघ्याला विचारा.
गव्याचं वाळलं शेण ओलांडत,
करवंदीला धरायला जाऊन
तळहात ओरबाडत चढलो.

मग झाडी एकदम सरली:
खाली धरणाचं पाणी,
डोंगराच्या बोटाबोटांत शिरलेलं.

दस्तगीर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"रंकाळ्याला सांगू नकोस, बरं का."

परतताना भोगावतीजवळ चाक बसलं.
स्टेपनीही बसलेलीच.
दोघं बांधावर पाय सोडून
उरलेली दशमी मोडत राहिलो,
कुणी कुणाला बोल लावला नाही.

गुडघा ठणकत होता.
ठणकू दे म्हटलं.