टोपण

बोहरी आळीत, बिजागऱ्यांच्या दुकानावर,
लोखंडी जिन्याच्या अकरा पायऱ्या चढलं की ताहेरभाई.
टेबलावर हिरवं कापड, कापडावर बशी,
बशीत तांदळाच्या कणीएवढे स्क्रू.
म्हणाले, दिवाळीनंतर बंद करतोय.
मोतीबिंदू उतरलाय दोन्हींत.
दोन कॅमेरे ठेवून जाऊ नका, एकच होईल माझ्याच्यानं.
कुठला, ते तुम्ही ठरवा.
आणि खिडकीतून चहा सांगायला ओरडले.

मी दोन्ही काढून ठेवले.
एसएलआर: जड, खांदा उतरवणारा,
प्रेसमधल्या ओव्हरटाइमवर हप्त्याहप्त्यानं घेतलेला.
आणि रेंजफाइंडर, जुन्या बाजारात एका बुधवारी
पंपाच्या स्टोव्हमागे सापडलेला, सवाशे रुपयांत.

एसएलआरमध्ये खोट नाही.
लेन्स पाहते तेच तुम्ही पाहता,
झेंडूवरची मुंगी घ्या, नाहीतर पर्वतीवरून
खालच्या गच्चीतली वाळत घातलेली गोधडी.
फक्त बटण दाबलं की आतला आरसा उठतो
आणि डोळ्यापुढे अंधार.
एवढासा. पापणी लवण्याहून कमी.
पण फोटो निघतो तो नेमका तेव्हाच.

लकडी पुलावर स्टँडला लावलेल्या सायकलच्या कॅरियरवर
नलू उलटी बसली होती,
हातात पेरूची फोड, हनुवटीला तिखटमीठ.
हसली. मी दाबलं. खटाक.
ते हसू मी पाहिलंच नाही.
गुरुवारी पाकिटातून प्रिंट निघाली तेव्हा कळलं,
हिरड्या दिसेपर्यंत हसली होती.
कपाटाच्या दारावर आहे अजून तो फोटो.
कुणी दुसऱ्यानंच काढल्यासारखा.

रेंजफाइंडरचं वेगळं.
मधल्या पिवळट चौकोनात माणूस दुहेरी दिसतो,
रिंग फिरवत एकाला दुसऱ्यात बसवायचं.
(माझे आता बसत नाहीत, ताहेरभाई म्हणाले,
ईदचे चंद्रसुद्धा दोन येतात.)
चौकटीबाहेरचंही दिसत राहतं:
कोण येतंय, कोण निघालंय.
दाबताना काहीच जात नाही डोळ्यापुढून,
आवाज म्हणाल तर जीभ टाळूला लागावी इतका.
पण खिडकी लेन्सपासून दोन बोटं बाजूला,
जवळच्या माणसांचे भांग कापले जातात.
आणि खिडकीला टोपणाचं काही सोयरसुतक नाही.

झेलम सुटली तेव्हा नलू दारात,
हिरवा चुडा, मागे भावोजींची काळी ट्रंक.
हात हलवून झाला होता, आत वळली होती,
तेवढ्यात परत वळून पर्स उपसू लागली
आणि वर धरली माझ्या सायकलची किल्ली.
ट्रंक चढवताना मीच दिली होती धरायला.
तोंड हसत होतं, डोळ्यांना अजून पत्ता नव्हता.
सगळं पाहिलं मी. दाबलं.
रोल धुतला तर त्या जागी कोरी काच.
लेन्सवर टोपण होतं.

मागचं चाक उचलून
स्टेशनपासून नाना पेठेपर्यंत नेली सायकल.

परवा जालंधरहून फोनवर म्हणाली,
कसली किल्ली? काहीतरीच तुझं.
दोघी नाती मागे हसत होत्या.
काय दाखवणार?

चहा आला. साय धरेपर्यंत तसाच राहिला.
ताहेरभाईंनी एसएलआर कानाशी धरून
दोनदा वाजवला, म्हणाले,
ह्याच्यावर भरवसा ठेवा. पुरावा देतो.
ते खरंच होतं.
मी दुसरा त्यांच्याकडे सरकवला.

नाक कागदाला टेकवून त्यांनी पावती लिहिली:
कॅमेरा एक. पट्टा आहे. टोपण नाही.
टोपण माझ्या खिशात होतं.
मी काही बोललो नाही.