जिथं आमचं घर नाही

वहीत एवढंच होतं: ई. नाहुएलकिन, सांतियागोहून, एक जण.
वय एकाहत्तर. पोहता येतं? नाही.
असल्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.
पण हिनं जॅकेटचे बंद स्वतःच आवळले
आणि कयाकमध्ये बसली,
आपल्याच ओट्यावर बसावं तशी.

आतल्या समुद्राला सकाळी लाट नसते.
शिशासारखं जड पाणी, वर धुक्याची साय.
पुढं ती, मागं मी.
तिचं वल्हं उलटं पडायचं, पाणी माझ्या तोंडावर.
मी रोजची पोपटपंची सुरू केली:
हा पाणकावळ्यांचा खडक, ह्या शिंपल्यांच्या दोऱ्या,
डॉल्फिन दिसले तर तुमचं नशीब...
"ते राहू दे," ती म्हणाली.
"जिथं आमचं घर नाही, ती जागा दाखव."

मग पाठमोरीच सांगत राहिली.
सात वर्षांची होती. बापानं ठरवलं,
घर पलीकडच्या बेटावर न्यायचं, शाळेपाशी.
सामान नव्हे. घर.
खाली ओंडके, आठ बैलजोड्या, अख्खा गाव.
पुळणीपर्यंत ओढलं, पिंपं बांधली,
भरतीवर सोडून दिलं.
"मी काठावर. माझी खिडकी समुद्रात चाललेली,
पडदा आत तसाच.
आईनं चूल विझवलीच नव्हती.
धूर सोडत गेलं बघ, आगबोटीसारखं."

जागा सापडली.
चार कुजके खुंट, एक सफरचंदाचं झाड, वाकडं.
ती खुंटांच्या मधोमध उभी राहिली,
कुठं दार, कुठं माळा, हातानं मोजत.
मी भरतीचा तक्ता काढला.
पान मागच्या महिन्याचं.

वीस वर्षं ह्या पाण्यावर, आणि मागच्या महिन्याचं पान!
वळून पाहिलं तर समुद्र अर्धा मैल मागं,
कयाक चिखलात कुशीवर,
दमलेल्या म्हशीसारखा.

आता बसा सहा तास.
माफी मागितली तर म्हणाली, "कशाबद्दल?"

दुपारी चिखल तुडवत एक बाई आली,
ओर्फेलिना बार्रीया, बादलीत शिंपल्या, पदरी उकडलेले बटाटे.
"कुणाची तू?"
"नाहुएलकिन."
"तरंगत गेलेल्या घरातली?"
बटाटा सोलता सोलता ती थांबली.
"माझ्या बापाच्या तळव्यावर त्या दोराचा वळ होता.
मरेपर्यंत.
दाखवायचा आम्हाला, दारू पिऊन."
दोघी हसल्या, मग कितीतरी वेळ
नुसत्या शिंपल्या फोडत बसल्या.

पाणी आलं तेव्हा उजेड संपत आला होता.
परतताना तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.
मी एकटाच ओढत होतो.
पलीकडच्या बेटाजवळून गेलो.
"थांबू का?"
"नको. पत्रा बदललाय त्यांनी."
पण मान तिकडंच.
धुराड्यातून धूर निघत होता.

पैसे तिनं ठरले तेवढेच दिले, मोजून.
वहीत परतीच्या वेळेसमोर
मी आकडा घातला नाही.
लिहिलं, भरती आल्यावर.