खुनी जिना चढतो तेव्हा

मंगळवारी रात्री साडेनऊला
अख्खं हॅमट्रॅमिक श्वास धरून बसायचं.
खालच्या मजल्यावरच्या मिसेस वूयचिक
पडदे ओढायच्या, दाराला खुर्ची लावायच्या
आणि मग रेडिओ सुरू करायच्या.
म्हणजे ज्याला बाहेर ठेवायचं
त्यालाच आत घ्यायच्या.

मी बटाटे सोलत असायचे.

दिवा मालवायची ब्रोन्या. तिचा हट्टच.
उजेडात म्हणे नीट ऐकू येत नाही.
डायलमागचा पिवळा उजेड तेवढा उरायचा
तिच्या गुडघ्यांवर, माझ्या सुरीवर.
मग वारा. मग कुलपात किल्ली.
मग पावलं,
एक टाच ठाम, आणि दुसरी
लाकडावरून जराशी घासत येणारी.

ब्रोन्या माझ्या कुशीत तोंड खुपसायची
आणि मी मोजत असायचे.
सहा. सात. आज पाय जास्त दुखतोय.
आठवीवर थांबला. लेखकानं थांबवलं,
की बुटात पुन्हा बर्फाचं पाणी गेलंय?

सदतीस साली पत्रा ठोकणाऱ्या प्रेसनं
त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली.
कारखान्यानं घरी बसवलं.
रेडिओ स्टेशनवर फरशी पुसायला गेला माझा काझिक,
आणि कुणीतरी डोळे मिटून त्याचं चालणं ऐकलं.
तेव्हापासून आठवड्याला एक खून.

जिना तीनच पायऱ्यांचा, चाकांवरचा.
त्यावरच वरखाली करत तो बारा मजले चढायचा.
मान मोडायची ती सेलरीची जुडी, सात सेंटची,
सकाळी मीच आणलेली.
सुरा घुसायचा तो कोबीत.
तो कोबी रात्री कागदात गुंडाळून घरी यायचा
आणि बुधवारी आम्ही प्रेताचं सूप करायचो,
वर शेपू चिरून.

कार्यक्रम संपताना सगळ्यांची नावं वाचायचे.
त्याचं नाही.

मिसेस वूयचिक विचारायच्या,
काय गं, कसा दिसत असेल तो?
त्यांच्या खुन्याला त्यांच्या दिराच्या मिशा होत्या.
दूधवाल्याचा खुनी त्याच्या घरमालकासारखा टकला.
आवाजाला चेहरा नसतो,
म्हणून ज्यानं त्यानं आपल्या घरातला काढून दिला.
मी काय सांगणार?
माझा रोज माझ्या शेजारी घोरत होता.

अकरा वाजता खरा जिना वाजायचा.
एक टाच ठाम, एक घासत.
खाली खुर्ची आणखी आत सरकल्याचा आवाज यायचा.
मी त्यांना कधीच सांगितलं नाही.
त्यांची मजा का घालवा.

काझिकला जाऊन अकरा वर्षं झाली.
आता रविवारी रात्री कुणी पोरं
जुन्या तबकड्या शोधून लावतात.
काल लागली ती.
खरखर फार होती. वारा. किल्ली.
मग तो.

मी दिवा मालवला नाही.
उठले, दाराची कडी काढली,
आणि तिथेच उभी राहिले, हातात सुरी तशीच.
सहा. सात.
आठवीवर थांबला.

नवव्या पायरीला
फार वेळ लावला त्यानं.