राजापुरी, पन्नास किलो

गणपती पेठेच्या मागं, नदीकडं उतरणाऱ्या बोळात
दस्तगीर शिकलगारांचं दुकान.
पाटी नाही. दारात दातांच्या डॉक्टरची जुनी खुर्ची,
तिच्यात बहुतेक वेळा शिकलगार स्वतःच आडवे.
"हात लावा," म्हणतात, "पण ओढू नका.
खालचं ओढलं की वरचं येतं."

मी ओढते.

असं ओढून ओढूनच घर सजलंय माझं.
मिरजेच्या कारागिरानं टाकलेला
सतारीचा तडकलेला भोपळा: दारातला दिवा.
एसटीची खिडकी, 'डोके व हात बाहेर काढू नये'सकट:
बेसिनवरचा आरसा.
डेअरीच्या मापात मनीप्लांट.
नवरा म्हणतो, मला आता दुपारची डुलकी घ्यायची चोरी,
उठेन तर अंगाला भोकं आणि आत बल्ब.

श्रावणात एका ढिगातून पत्रा आला.
वीतभर रुंद, हातभर लांब, कडा दुमडलेल्या,
आरपार कापलेली अक्षरं:

भ. आ. मगदूम आणि मंडळी
राजापुरी
५० किलो
सांगली

शिरोरेघ जागोजागी तुटकी.
'म'च्या पोटातला चौकोन गळून पडू नये
म्हणून दोन बारीक पूल सोडलेले.
कुणीतरी छिन्नीनं, जीभ दातांत धरून
हा 'म' सांभाळला असणार.
ऐंशी रुपये.

घरी साबणानं घासला, पत्रा उजळला.
खाचांतलं पिवळं तेवढं निघेना,
ते माझ्या बोटांना आलं.

टेबलाच्या कडेला उभा केला, मागं बल्ब.
समोरच्या भिंतीवर अक्षरं उमटली,
उलटी.
म्हटलं राहू दे. वाचायचंय कुणाला,
नक्षी छान दिसते.

चार महिने छान दिसली.

मग इन्व्हर्टरचं पाणी बदलायला
विलास ऐवळे आला. पिशवी ठेवली,
भिंतीकडं बघितलं, आणि न अडखळता,
न थांबता, उजवीकडून डावीकडं
वाचून काढलं सगळं. पन्नास किलोसुद्धा.

"वाचता आलं?"
"मी आधी असंच शिकलोय वो.
आण्णा यार्डात हमाल. फाटकं पोतं आणायचे,
एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचे, झाली खोळ.
शाळेला निघालो की डोक्यावर.
रंग आत उतरलेला असायचा.
डोळ्यांपुढं दिवसभर हेच, आतल्या बाजूनं.
पैल्यांदा पाटीवर 'र' काढला
तर गुरुजींनी कान पिळला,
तोंड तिकडं का रं तुझ्या 'र'चं?"

हसला. बॅटरीत पाणी भरलं.
मी म्हटलं, घेऊन जा हा पत्रा. तुमचाच म्हणायचा.
"मी कुठं लावू? भिंतीला टीव्ही हाय."
मग जरा थांबून, "कितीला पडला?"
सांगितलं.
"फसवलं की शिकलगारानं.
पत्रा किलोवर घ्यायचा असतो, ताई."

जाताना न विचारता त्यानं पत्रा फिरवला,
स्क्रू आवळला, अडीचशे घेतले, गेला.

आता अक्षरं सुलटी.
आलेले पाहुणे मोठ्यानं वाचतात
आणि विचारतात, हळदीचा व्यापार होता का तुमच्याकडं?
नाही म्हणते. माझे वडील पोस्टात होते.
मग ते सोफ्याच्या कापडाचं विचारतात.

परवा लाईट गेली.
नवरा नाइट शिफ्टला, कुपवाडला.
इन्व्हर्टरनं एक ठोका चुकवून बल्ब धरला.
मी स्क्रू ढिला केला, पत्रा परत उलटा केला,
भिंतीला टेकून नाही, मधोमध,
फरशीवर बसले.

उलट्या 'र'चं तोंड माझ्याकडं.
खोली हळूहळू लहान झाली,
पोत्याच्या दोन कोपऱ्यांत
एका पोराचं डोकं मावेल एवढी.
बाहेर कुणीतरी पाठीवर पन्नास किलो घेऊन
फळीवरून ट्रकमध्ये चढत होतं,
फळी लवत होती.

लाईट आली तेव्हा बटणावर
माझ्या बोटाचा पिवळा ठसा दिसला.
चार महिन्यांपूर्वीचा असेल.
की आत्ताचा.